शेवटची बोट किती वाजता सुटते? छोट्या बेटांच्या प्रवासाबद्दल वाचकांचे प्रश्न

उष्ण प्रदेशातल्या छोट्या बेटांवर निघालेल्या वाचकांचे बरेच प्रश्न आले. एकसारखे होते ते एकत्र केले आहेत. उत्तरांत बेटासमोरच्या किनारी शहराचा उल्लेख वारंवार येईल, कारण बेटाचा अर्धा प्रवास त्या शहरात ठरतो. तिथे एक रात्र न काढल्यामुळे जितक्या सहली बिघडतात, तितक्या वादळांमुळेही बिघडत नाहीत.

प्रश्न : आम्हाला सुटी मे किंवा नोव्हेंबरमध्येच मिळते. उष्ण कटिबंधात बाराही महिने ऊन असतं, मग महिना पाहायची गरज आहे का?

उत्तर : बाराही महिने उकाडा असतो, ऊन नव्हे. तिथला ऋतू वाऱ्याच्या दिशेवरून ओळखायचा. वारा फिरला की पाऊस, लाटा, पाण्याचा नितळपणा आणि बोटींचं वेळापत्रक सगळंच फिरतं. म्हणून ‘थायलंडला कधी जावं’ एवढं विचारून भागत नाही. अंदमान समुद्राकडच्या बाजूला, म्हणजे फुकेत, क्राबी, को लांता या पट्ट्यात, मे ते ऑक्टोबर पावसाळा असतो. सिमिलान बेटं तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पर्यटकांसाठी बंदच ठेवतात. पलीकडे आखातातल्या को सामुई, को फांगान, को ताओ या बेटांवर मात्र जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. म्हणजे मे महिन्यात आखाताची बाजू धरा, नोव्हेंबरच्या अखेरीस अंदमान समुद्राची.

कॅरिबियन समुद्रात चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरतात आणि त्याचा जोर सप्टेंबरच्या मध्याच्या आसपास सर्वांत जास्त असतो. तिथे मे चांगला. नोव्हेंबरात धोका ओसरलेला असतो, पण संपलेला नसतो. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळची अरुबा, बोनेर आणि कुरासाओ ही बेटं वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहेत, त्यामुळे तिथे वादळ क्वचितच थडकतं. दक्षिण प्रशांत महासागरात, फिजी, टोंगा, कुक बेटं या भागात, हंगाम उलटा असतो : नोव्हेंबर ते एप्रिल. तिथेही मे उत्तम. विषुववृत्तापासून साधारण पाच अंशांच्या आत चक्रीवादळ सहसा तयार होत नाही, कारण वाऱ्याला गरगर फिरवणारा पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम तिथे फारच क्षीण असतो. दक्षिण मालदीवला याचा फायदा मिळतो.

पण वादळ नाही म्हणून समुद्र शांत असेलच असं नाही. मे २००७ मध्ये हिंदी महासागराच्या पार दक्षिण टोकाकडून आलेल्या लांब लाटांनी मालदीवच्या अनेक बेटांवर पाणी शिरलं, आणि तेव्हा आसपास कुठेही वादळ नव्हतं. म्हणून हवामानाच्या अंदाजात पावसाच्या आधी दोन आकडे बघा : लाटेची उंची आणि लाटेचा कालावधी, म्हणजे एका लाटेनंतर दुसरी किती सेकंदांनी येते. दीड मीटर उंचीची लाट सहा सेकंदांनी येत असेल तर लहान बोट आदळत जाते. तीच लाट चौदा सेकंदांनी आली तर बोट सावकाश वरखाली होते, पण प्रवाळभिंतीवर आणि किनाऱ्यावर ती फार जोरात फुटते.

खोली घेताना किनारा कोणत्या दिशेला आहे तेही विचारा. वाऱ्याच्या बाजूला गारवा जास्त आणि डास कमी, पण पाणी खवळलेलं. आडोशाच्या बाजूला पाणी सपाट. कॅरिबियनमध्ये पूर्वेकडच्या किनाऱ्यांवर २०११ पासून सारगॅसम या तरंगत्या शेवाळाचे ढीग येऊन पडतात, विशेषतः वसंत आणि उन्हाळ्यात. ते कुजलं की हायड्रोजन सल्फाइडचा, म्हणजे सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. दम्याचा त्रास असलेल्यांनी अशा किनाऱ्यावर राहू नये.

प्रश्न : विमान दुपारी अडीचला उतरतं आणि बेटाची शेवटची बोट साडेचारला आहे. विमानतळ ते धक्का चाळीस मिनिटं. वेळ पुरेल ना?

उत्तर : कागदावर पुरेल, पण त्यावर पैसे लावू नका. विमान अर्धा तास उशिरा, पासपोर्टची रांग पाऊण तास, सामान वीस मिनिटं, चार वाजून गेले आणि धक्का अजून चाळीस मिनिटांवर. शिवाय धक्क्यावर बोटीच्या अर्धा तास आधी पोहोचायचं असतं, कारण वजन आणि जागा पाहून सामान आधी चढवतात. बोट चुकली तर धक्क्याजवळ रात्री साडेसातला खोली शोधणं हे दिवसाचं सर्वांत महाग काम ठरतं.

योजना उलट्या टोकाकडून करा. आधी बेटावरून परतीची बोट, मग शहरातली रात्र, मग विमान. परदेशी विमान पकडायचं असेल तर आदल्या रात्री शहरात असलंच पाहिजे. खवळलेल्या समुद्राचा मोसम असेल तर दोन रात्री ठेवा. बोट आणि विमानाची तिकिटं वेगवेगळी काढलेली असतात, त्यामुळे बोट रद्द झाली तर विमान कंपनी जबाबदारी घेत नाही. प्रवासविम्याच्या कागदात उशिरासाठी ‘बोट’ किंवा ‘फेरी’ हा शब्द आहे का ते वाचा, आणि आजारी माणसाला बेटावरून हलवण्याचा खर्च धरला आहे का तेही. आम्हाला विचाराल तर ही दुसरी तरतूद नसलेला विमा घेण्यात अर्थ नाही.

वार पाहायला विसरू नका. मालदीवमध्ये बहुतेक सार्वजनिक फेरीबोटी शुक्रवारी बंद असतात. टोंगामध्ये रविवारच्या पावित्र्याला राज्यघटनेचंच संरक्षण आहे. त्या दिवशी दुकानं आणि बहुतेक वाहतूक बंद. मालदीवची समुद्री विमानं दिवसाउजेडीच उडतात, म्हणून संध्याकाळी माले विमानतळावर उतरणाऱ्याला रात्र तिथेच काढावी लागते किंवा स्पीडबोटीने जाता येईल एवढंच जवळचं बेट निवडावं लागतं.

शहरातली ती रात्र वाया जात नाही. तिथे करायची कामं भरपूर असतात. पैसे काढा, तेही लहान नोटांत. बेटावर एटीएम असलं तरी त्यात पैसे भरायला माणूस बोटीनेच येतो, आणि नेटवर्क गेलं की एटीएम आणि दुकानातलं कार्डचं मशीन एकदमच बंद पडतात. कुक बेटांत न्यूझीलंडचा डॉलर चालतो, पण तिथली स्वतःची नाणी आणि तीन डॉलरची नोट बाहेर कोणी बदलून देत नाही. निघण्याआधी ती खर्च करा. औषधं शहरातच घ्या : पॅरासिटामॉल, ओआरएस, अॅलर्जीची गोळी, पोव्हिडोन आयोडीन, चिकटपट्टी, बारीक टोकाचा चिमटा. नेहमीच्या गोळ्या दोन वेगळ्या पिशव्यांत विभागून ठेवा. सॅनिटरी पॅड, लेन्सचं द्रावण, बाळाची दूधपावडर या वस्तू बेटावरच्या दुकानात मालवाहू बोट येईल त्या दिवशी असतात आणि दोन दिवसांनी संपतात. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. शहरातलं जवळचं मोठं रुग्णालय कुठे आहे ते पाहून ठेवा.

आणि धक्क्यावरच, बोटीत पाय ठेवण्याआधी, परतीच्या पहिल्या आणि शेवटच्या फेरीची वेळ तिकीटखिडकीवर विचारा. इंटरनेटवरचं वेळापत्रक बऱ्याचदा मागच्या मोसमाचं असतं.

प्रश्न : मला बोट लागते. स्पीडबोट घ्यावी की मोठी फेरी?

उत्तर : मोठी फेरी, आणि सकाळची पहिली. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून वारा वाढतो आणि पाण्यावर आखूड, उभ्या लाटा उठतात. हाच प्रवास सकाळी आठला वेगळा आणि दुपारी तीनला वेगळा असतो. मोठ्या बोटीत खालच्या मजल्यावर मधोमध बसा, तिथे हेलकावा सर्वांत कमी. स्पीडबोटीत मागे बसा. पुढची जागा दिसायला छान, पण बोट लाटेवरून आदळते तेव्हा सगळा दणका पुढच्यांच्या मणक्याला बसतो, त्यातून मणका पिचल्याचीही उदाहरणं आहेत. गरोदर स्त्रिया, पाठीचं दुखणं असलेले आणि हाडं ठिसूळ झालेले यांनी वारा असताना स्पीडबोट टाळावीच.

गोळी पोटात ढवळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. सिनॅरिझिन दोन तास आधी, डायमेनहायड्रिनेट अर्धा ते एक तास आधी. कानामागे लावायची स्कोपोलामाइनची पट्टी किमान चार तास आधी. या सगळ्यांनी पेंग येते. त्यावर दारू नको, उतरल्या उतरल्या स्कूटर चालवणं नको. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल, किंवा औषध लहान मुलाला द्यायचं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. बोटीत फोन बघू नका, नजर क्षितिजावर ठेवा : कान हेलकावा सांगतो आणि डोळे स्थिर अक्षरं बघतात, या भांडणातूनच मळमळ होते. डिझेलच्या धुरापासून दूर, वाऱ्याला तोंड करून बसा. पोट रिकामंही नको आणि तुडुंबही नको.

लाइफजॅकेट लहान मुलाच्या मापाचं आहे का ते तिकीट काढण्याआधीच विचारा. मोठ्याचं जॅकेट लहान मुलाला घातलं तर पाण्यात पडल्यावर ते डोक्यावरून निघून जातं.

प्रश्न : प्रवाळभिंतीच्या आतलं पाणी गुडघाभरच असतं, मग तिथे पोहता न येणाऱ्यांनी उतरायला हरकत काय? लोक तिथेही वाहून जातात असं ऐकलं.

उत्तर : तुम्ही ऐकलं ते खरं आहे, आणि या अंकातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. लाटा भिंतीवर फुटून आत सतत पाणी ओततात. त्या पाण्याला बाहेर जायला वाट लागते, आणि ती वाट म्हणजे भिंतीतली खिंड. बहुधा गोड्या पाण्याचा ओढा जिथे समुद्राला मिळतो त्याच्या समोर भिंत तुटलेली असते, कारण गोड्या पाण्यात आणि गाळात प्रवाळ वाढत नाही. आतलं सगळं पाणी त्या एका तोंडाकडे ओढलं जातं. ओहोटी चालू असताना, आणि बाहेर लाटा मोठ्या असताना, ही ओढ सर्वांत जास्त असते. कुक बेटांतल्या रारोटोंगाच्या दक्षिणेची अवावारोआ खिंड यासाठी कुप्रसिद्ध आहे. तिथे पर्यटकांचे जीव गेले आहेत.

खिंड किनाऱ्यावरून ओळखता येते. भिंतीवर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ जिथे तुटते आणि पाणी गडद निळं दिसतं, तीच ती. अनेकांना तिथलं सपाट पाणी सुरक्षित वाटतं आणि ते नेमके तिकडेच जातात. किनाऱ्यावर उभे राहून एक पान किंवा काडी पाण्यात टाका. ती किनाऱ्याला समांतर सरकत असेल तर कोणत्या बाजूला सरकते ते पाहा. खिंड त्या बाजूला आहे. मग उलट्या बाजूला, खिंडीपासून लांब उतरा. स्नॉर्केल करताना, म्हणजे तोंडात श्वासाची नळी धरून पाण्यात डोकं घालून पोहताना, दर काही मिनिटांनी डोकं वर काढून किनाऱ्यावरची एक खूण बघा, कारण खाली मासे बघताना आपण सरकतोय हे कळत नाही.

ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका. उताणे तरंगा, हात वर करा, ओढीला काटकोनात बाजूला सरका. खिंडीच्या बाहेर ओढ ढिली पडते. तिथून बाजूला जाऊन मदतीची वाट बघणं बरं. भिंतीवरून परत आत यायची वेळ आलीच तर लाटेबरोबर या आणि पाय पुढे ठेवा. खरचटेल, पण आत याल.

भरतीचं गणित पाठ असावं. उधाणाच्या आणि भांगाच्या दिवसांत पाण्याचा चढउतार फार वेगळा असतो : अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सर्वांत जास्त, अष्टमीच्या सुमारास सर्वांत कमी. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या साधारण सहा तासांत पाणी एकसारखं चढत नाही. एकूण चढ १२० सेंटीमीटर धरा. पहिल्या तासात ते १० सेंटीमीटर चढतं, दुसऱ्या तासात २०, तिसऱ्या आणि चौथ्या तासात ३०-३०, पाचव्यात २०, सहाव्यात १०. वाळूच्या पट्ट्यावरून शेजारच्या बेटावर चालत गेलेल्या माणसाला पहिल्या तासात पाणी वाढतंय असं वाटतच नाही. घोट्याएवढ्या पाण्यातून गेलेला माणूस साडेतीन तासांनी परतताना मांडीभर पाण्यात असतो, आणि तेही सरकत्या पाण्यात. म्हणून ओहोटीच्या सर्वांत खालच्या वेळेच्या तासभर आधी निघा आणि त्या वेळेनंतर तासाभरात परत या.

भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज चालत नाही. याला अपवादही आहेत. ताहितीत भरती रोज साधारण दुपारी आणि मध्यरात्री बारालाच येते, आणि चढउतार जेमतेम फूटभर असतो. थायलंडच्या आखातात काही भागांत दिवसाला एकच भरती असते. म्हणून त्या बेटाचंच कोष्टक घ्या.

पायात मागे पट्टा असलेले, जाड तळव्याचे बूट हवेत. पाऊल उचलून टाकू नका, वाळूवर घासत पुढे सरका. वाळूत दडलेला पाकट मासा त्या हालचालीने निघून जातो, पण थेट त्याच्यावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारतो.

प्रश्न : बेटावर नळाचं पाणी मचूळ लागतं आणि साबणाला फेस येत नाही. उकळून प्यायलं तर चालेल का?

उत्तर : नाही. उकळल्याने जंतू मरतात, मीठ जात नाही. उलट वाफ गेल्यामुळे ते किंचित वाढतं.

प्रवाळाच्या सखल बेटाखाली पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, मध्ये जाड आणि कडांना पातळ. खारं पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. त्यामुळे गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक मीटर वर असेल तर खाली सुमारे चाळीस मीटर गोडं पाणी असतं. बाडोन खेबेन आणि हेर्झबर्ग या दोन संशोधकांच्या नावाने हे गणित ओळखलं जातं. याचा दुसरा अर्थ असा, की उपसा करून वरची पातळी जरा खाली गेली की खालचं खारं पाणी त्याच्या चाळीसपट वर सरकतं. मोसमात खोल्या भरल्या की संध्याकाळी नळ मचूळ होतो तो यामुळे. आंघोळ आटोपती घेणं हीच तिथे खरी मदत आहे. त्याच वाळूत शोषखड्डेही असतात, म्हणून विहिरीचं पाणी गोडं लागलं तरी पिऊ नका.

बऱ्याच बेटांवर आता समुद्राचं पाणी गोडं करणारा कारखाना असतो. त्यावर सगळी भिस्त ठेवण्यात धोका किती, ते मालदीवची राजधानी मालेला डिसेंबर २०१४ मध्ये कळलं : कारखान्यात आग लागली आणि अख्ख्या शहराचे नळ कोरडे पडले. म्हणून माणशी दोन दिवसांचं, म्हणजे सहा-सात लिटर पिण्याचं पाणी खोलीत असू द्या. पन्हाळीचं पावसाचं पाणी खळखळून एक मिनिट उकळलं की पिता येतं.

एक गोष्ट सहज नजरेआड होते. ओआरएसची पुडी मचूळ पाण्यात कधीही कालवू नका. तिच्यातलं मिठाचं प्रमाण पुडीवर लिहिलेल्या मापाच्या गोड्या पाण्यासाठी मोजलेलं असतं. मीठ जास्त झालं तर जुलाब झालेल्या मुलाला ते घातक ठरू शकतं.

प्रश्न : ताजा, समोर पकडलेला मासा खाऊन विषबाधा होते म्हणतात. कशी?

उत्तर : याला सिग्वाटेरा म्हणतात. प्रवाळावरच्या शेवाळात राहणाऱ्या एका सूक्ष्म जिवातलं विष छोट्या माशांतून मोठ्या माशांत साठत जातं. मासा ताजा असला, नीट शिजवला, बर्फात ठेवला, तरी विष जात नाही. वासाने किंवा चवीने कळतही नाही. बाराकुडा आणि मोरे ईल मुळीच खाऊ नका. मोठा ग्रूपर, स्नॅपर, अँबरजॅक टाळा. अडीच-तीन किलोंपेक्षा मोठा प्रवाळावरचा मासा नकोच, आणि कोणत्याही माशाचं डोकं, काळीज, गाबोळी नको. उलट्या-जुलाबांनंतर तोंडाभोवती मुंग्या येणं आणि गार वस्तू हाताला भाजल्यासारखी लागणं ही खूण. याच्यावर उतारा नाही, त्रास आठवडे टिकू शकतो, म्हणून डॉक्टर गाठा. खोल समुद्रातल्या ट्यूनात हा धोका नसतो, पण तो उन्हात पडून राहिला असेल तर दुसरं विष तयार होतं : खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल होतं, डोकं ठणकतं. तेही शिजवून जात नाही. बर्फ नसलेल्या टोपलीतला ट्यूना घेऊ नका.

प्रश्न : आमचं सनस्क्रीन विमानतळावर काढून घेतील का?

उत्तर : पलाऊमध्ये घेऊ शकतात. तिथे १ जानेवारी २०२० पासून प्रवाळाला घातक ठरवलेली रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर बंदी आहे. हवाईत २०२१ पासून ऑक्सिबेंझोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्यांच्या विक्रीवर बंदी आहे, आणि थायलंडच्या सागरी राष्ट्रीय उद्यानांतही अशी बंदी आहे. झिंक ऑक्साइडचं घ्या. पण खरं संरक्षण लांब बाह्यांच्या पोहण्याच्या सदऱ्याने आणि पायभर लेगिंग्जने होतं. स्नॉर्केल करणाऱ्याच्या पोटऱ्या आणि गुडघ्यामागची कातडी सर्वांत आधी भाजते. मलेरियासाठी डॉक्सिसायक्लिन घेत असाल तर जास्तच जपा, त्या गोळीने कातडी लवकर भाजते.

प्रश्न : बेटावर हवा सुटलेली असते, तरी डासांची एवढी धास्ती का?

उत्तर : कारण डेंग्यूचा डास दिवसा चावतो, आणि तो खोलीमागच्या करवंटीत, बादलीत, कुंडीखालच्या ताटलीत वाढतो. खोलीत शिरताच असं साठलेलं पाणी ओतून द्या. डीट २० ते ३० टक्के किंवा आयकॅरिडिन २० टक्के असलेलं डास पळवणारं मलम लावा. आधी सनस्क्रीन, ते सुकल्यावर मलम. डीटने चष्म्याची फ्रेम आणि घड्याळाचं प्लास्टिक विरघळतं, हात पुसून मगच त्यांना लावा.

ताप आला तर पॅरासिटामॉलच. अॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन नको, रक्तस्राव वाढतो. ताप उतरतो तेव्हाच लक्ष जास्त हवं : त्या एक-दोन दिवसांत पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा ग्लानी दिसली तर पुढच्या बोटीने शहरातलं रुग्णालय. चावल्यानंतर ४ ते १० दिवसांनी ताप येतो, म्हणून घरी परतल्यावर आला तरी डॉक्टरांना बेटाचं नाव सांगा.

मलेरिया सगळीकडे नाही. सॉलोमन बेटं आणि वनुआतूमध्ये आहे. मालदीवला जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मलेरियामुक्त जाहीर केलं.

प्रश्न : प्रवाळावर पाय घासला. जखम छोटी आहे, पण चार दिवस झाले, भरत नाही.

उत्तर : आत चुनखडीचे कण आणि प्रवाळाचे तुकडे राहिले आहेत. ते निघाल्याशिवाय जखम भरणार नाही. पिण्याच्या पाण्याने आणि साबणाने, मऊ ब्रशने घासून धुवा. दुखेल, पण घासणं चुकवू नका. बारीक चिमट्याने कण काढा, मग पोव्हिडोन आयोडीन, कोरडी पट्टी, रोज बदलायची. जखम मिटेपर्यंत समुद्रात उतरू नका. ‘खाऱ्या पाण्याने बरं होतं’ हा समज चुकीचा आहे. धनुर्वाताचं इंजेक्शन जुनं झालं असेल तर घ्या. लाली पसरत असेल किंवा ताप असेल तर डॉक्टर. यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्यांच्या जखमेभोवती काही तासांत जांभळे फोड आले तर थांबूच नका, ती जिवाशी गाठ असते.

दगडासारखा दिसणारा स्टोनफिश टोचला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे ४५ अंश, अर्धा ते दीड तास बुडवा. पाण्याची उष्णता दुसऱ्याने स्वतःच्या हाताने तपासावी, कारण टोचलेल्या पायाला अंदाज राहत नाही. पेटीसारख्या बॉक्स जेलीफिशच्या डंखावर व्हिनेगर, किमान ३० सेकंद ओतत राहायचं. गोडं पाणी ओतलं तर कातडीवर उरलेल्या विषाच्या पेशी फुटतात.

प्रश्न : पावसात झाडाखाली थांबू नका अशी पाटी कॅरिबियनमध्ये पाहिली. का?

उत्तर : ते मँचिनील असणार. फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं दिसतं, पण अत्यंत विषारी असतं, आणि पानांवरून गळणाऱ्या पाण्यात चीक मिसळून कातडीवर फोड येतात. खोडावर बहुधा लाल पट्टा रंगवलेला असतो. त्याचं लाकूड जाळलं तर धुरानेही डोळ्यांना इजा होते.

प्रश्न : शेवटच्या दिवशी सकाळी स्कूबा आणि संध्याकाळी विमान, जमेल का?

उत्तर : नाही. एकच साधी बुडी असेल तर विमानाआधी किमान १२ तास, रोज किंवा अनेक बुड्या असतील तर किमान १८ तास, आणि वर येताना टप्प्याटप्प्याने थांबावं लागेल अशी खोल बुडी असेल तर त्याहून बरेच जास्त. रक्तात विरघळलेला नायट्रोजन हवेचा दाब कमी झाला की बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येतो. समुद्री विमान खालून उडतं म्हणून चालेल, असं मानू नका. डोंगरावर जाणंही यातच मोडतं : हवाईतल्या माउई बेटावर सकाळी बुडी मारून त्याच दिवशी ३,०५५ मीटर उंचीच्या हालेआकालावर गाडीने जाणं तितकंच धोक्याचं. शेवटच्या दिवशी स्नॉर्केल चालेल, श्वास रोखून खोल बुड्या मात्र नकोत. स्कूबाचं सामान आदल्या दिवशीच गोड्या पाण्यात खळबळून वाळत घाला. ओलं सामान कोरड्यापेक्षा बरंच जड भरतं, आणि छोट्या विमानाच्या काट्यावर ते वजन तुमच्याच नावावर लागतं.